एकच खोली, रोज नवा पाहुणा

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. आपण लिहिता की सहा वर्षांपासून आपण एका वाहिनीवर मुलाखतींचा साप्ताहिक कार्यक्रम करता. शाळेत असताना आपण ‘तोत्तोचान’ वाचले होते आणि त्या पुस्तकाच्या लेखिका तेत्सुको कुरोयानागी या जपानमध्ये मुख्यतः दूरचित्रवाणीवरील लाडक्या कलावंत म्हणून घराघरांत ओळखल्या जातात, त्यांचा मुलाखतींचा कार्यक्रम १९७६ पासून सुरू आहे, हे आपल्याला अलीकडेच कळले. इकडे आपली वाहिनी मात्र सातव्या वर्षीच कार्यक्रमाचा चेहरामोहरा बदलायला सांगत आहे. म्हणून आपण विचारता की इतकी वर्षे लोकांना हवेहवेसे वाटत राहणे हे नशीब असते की कौशल्य, आणि टिकायचे असेल तर दर दोन-तीन वर्षांनी स्वतःला बदलावे की बदलू नये.

मी एकतीस वर्षे मुलाखती घेत आले आहे. सुरुवातीला आकाशवाणीवर, नंतर बराच काळ दूरचित्रवाणीवर आणि आता बहुतांशी रंगमंचावर. कुरोयानागी यांच्या कारकिर्दीकडे मी गेली काही वर्षे व्यवसायातील एक ज्येष्ठ म्हणून पाहत आहे आणि माझ्या कामातील काही सवयी मी त्यांच्याकडे पाहूनच बदलल्या. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे त्यात त्यांची हकिकत आणि माझा अनुभव एकमेकांत मिसळलेले आढळतील.

प्रश्न ‘बदलावे की न बदलावे’ असा आपण मांडला आहे आणि वाहिनीनेही तो तसाच मांडला असणार. माझ्या मते अडचण या मांडणीतच आहे. मुलाखतकाराचा चेहरा, बैठकीची रचना किंवा शीर्षकसंगीत यांना प्रेक्षक क्वचितच कंटाळतो. समोर बसलेल्या मुलाखतकाराला उत्तर काय येणार हे आधीच ठाऊक आहे, तो ऐकत नसून पुढच्या प्रश्नाकडे वळण्याची संधी शोधत आहे, हे ज्या दिवशी प्रेक्षकाला जाणवते त्या दिवशी कार्यक्रम जुना होतो. तेव्हा विचार करायचा तो असा: कार्यक्रमात कोणती गोष्ट अढळ ठेवायची, कोणती दर भागात नव्याने घडवायची आणि नव्याने घडवण्याचे ते कष्ट कोणी उपसायचे. कुरोयानागी यांची कारकीर्द या प्रश्नाचे फार स्पष्ट उत्तर देते.

मात्र त्यात परिस्थितीचा वाटा किती होता, हे आधी मान्य केले पाहिजे. जपानच्या ‘एनएचके’ या सार्वजनिक प्रसारण संस्थेने १ फेब्रुवारी १९५३ रोजी दूरचित्रवाणीचे प्रसारण सुरू केले, तेव्हा नोंदणी केलेले ग्राहक अवघे ८६६ होते. त्याच वर्षी विशीतल्या कुरोयानागी त्या संस्थेत दाखल झाल्या. माध्यमाचा जन्म आणि कलावंताची उमेदवारी एकाच वर्षी सुरू होणे हा योग पुन्हा कोणाच्या वाट्याला येत नाही. प्रेक्षकांच्या कित्येक पिढ्यांना ‘दूरचित्रवाणी’ म्हटल्यावर आठवणाऱ्या पहिल्या काही चेहऱ्यांत त्यांचा चेहरा असतो, आणि हे भाग्य आपल्याला किंवा मला कष्टाने मिळवता येणारे नाही. शिवाय एका वाहिनीने आठवड्यातील कामाच्या दर दिवशी दुपारची वेळ त्यांच्यासाठी दशकानुदशके राखून ठेवली. ज्या वाहिनीचे धोरण दर तिमाहीला बदलते, तिथे काम करणाऱ्याने केवळ त्यांचे अनुकरण केले म्हणून तो पन्नास वर्षे टिकेल असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. प्रकृतीची साथ हीसुद्धा मागून मिळत नाही. हे सारे वजा केल्यावर जे उरते त्याविषयीच मी लिहिते आहे, आणि उरते ते पुष्कळ आहे.

त्यांचे वडील व्हायोलिनवादक होते आणि त्यांनी स्वतः संगीत विद्यालयात गायनाचे शिक्षण घेतले होते. तरीही त्या प्रसारणाच्या क्षेत्रात आल्या त्या एका साध्या इच्छेपायी. पुढे मुले झाली तर त्यांना चित्रांची पुस्तके छान वाचून दाखवता यावीत, असे त्यांना वाटत होते. ते कोठे शिकवतात का, असे त्यांनी आईला विचारले, वर्तमानपत्रात पाहा असे आईने सुचवले आणि तिथे त्यांना ‘एनएचके’ची नवे कलाकार हवे असल्याची जाहिरात दिसली. ही हकिकत त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितली आहे. मला ती महत्त्वाची वाटते, कारण प्रसिद्ध होण्याची इच्छा तिच्यात नाही. समोर बसलेल्या एखाद्याला काहीतरी नीट ऐकवता यावे, एवढीच ओढ आहे. पुढच्या साऱ्या कामाचे बीज मला त्यात दिसते.

सुरुवातीची वर्षे मात्र कठीण गेली. त्यांचा आवाज आणि बोलण्याची झपाट्याची लकब इतकी वेगळी होती की गर्दीच्या प्रसंगात मागे कुजबुजणाऱ्या लोकांत उभे केले तरी त्यांचाच आवाज वर येई, आणि त्यांना बाजूला काढले जाई. आवाज सुधारण्याचा, सर्वांसारखे बोलण्याचा सल्ला त्यांना वारंवार मिळाला. १९५४ मध्ये तीन माकडभावंडांच्या गोष्टीवरील एका श्राव्य मालिकेसाठी त्यांची निवड झाली, तेव्हा आपण आपले बोलणे सुधारू असे त्यांनी लेखक तादासु इइझावा यांना सांगितले. त्यावर काहीही सुधारू नका, आम्हाला हवे आहे ते हेच वेगळेपण, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले. त्या मालिकेने त्यांचे नाव झाले आणि तो आवाज पुढे सत्तर वर्षे तसाच ओळखीचा राहिला.

माझ्या उमेदवारीच्या काळात मला नेमका उलटा सल्ला मिळाला होता. वाक्य संपवताना माझा स्वर किंचित वर जातो. तो खाली आणावा आणि ‘निवेदिकेसारखे’ बोलावे, असे एका वरिष्ठांनी सांगितले, आणि मी दोन वर्षे निष्ठेने तसे बोलत राहिले. त्या दोन वर्षांत माझ्या समोर बसलेले पाहुणेही निवेदन केल्यासारखे बोलत. त्याचे कारण पुढे लक्षात आले: आपण घोटून बसवलेल्या आवाजात प्रश्न विचारला की उत्तरही घोटून बसवलेलेच येते. इथे एक भेद मात्र करावाच लागतो. शब्द अर्धवट गिळणे, नावे चुकीची उच्चारणे, समोरच्याचे वाक्य तोडणे हे दोष आहेत आणि ते काढूनच टाकायचे असतात. बोलण्याचा हेल, गती, हसण्याची तऱ्हा या गोष्टी दोषांच्या यादीत घालू नयेत. वाहिनीने दिलेल्या बदलांच्या यादीत यांपैकी काही असेल, तर तेवढ्यापुरते आपण ठाम राहावे.

साठच्या दशकात त्या विनोदी कार्यक्रम, मालिका, लहान मुलांच्या बाहुलीनाट्यातील आवाज अशा असंख्य ठिकाणी एकाच वेळी दिसत होत्या. त्या अतिश्रमाने त्या आजारी पडल्या आणि त्यांना रुग्णालयात राहावे लागले. याविषयी अधिक लिहीत नाही, कारण या व्यवसायातील जवळजवळ प्रत्येकाने हे कधी ना कधी भोगलेले असते. लक्ष द्यायचे ते पुढच्या निर्णयाकडे. १९७१ मध्ये, वयाच्या ३८व्या वर्षी, हातात नियमित कामे असताना त्या सर्व थांबवून सुमारे एक वर्ष न्यू यॉर्कला अभिनय शिकायला गेल्या. आपल्या क्षेत्रात पडद्यावरून महिनाभर दिसेनासे होण्याचीही भीती असते, आणि ती अगदीच निराधार असते असे मी म्हणणार नाही. माझ्या परिचयातील काही चांगल्या निवेदकांना सुट्टीनंतर त्यांची जागा परत मिळाली नाही. तरीही हे पाऊल मला त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत निर्णायक वाटते. तोवर त्या इतरांनी लिहिलेल्या भूमिका आणि इतरांनी आखलेले कार्यक्रम करत होत्या. परतल्यावर त्यांच्याकडे दुपारच्या गप्पांच्या एका कार्यक्रमाचे सूत्रसंचालन आले आणि त्यातून पुढे त्यांचा स्वतःचा कार्यक्रम उभा राहिला. आपण स्वतःला बदलण्याविषयी विचारता. या कारकिर्दीत मला दिसणारा मोठा बदल हा असा आहे. त्या वर्षभर विद्यार्थिनी झाल्या आणि मग जे ठरवले त्यावर स्थिर राहिल्या.

‘तेत्सुको नो हेया’, म्हणजे ‘तेत्सुकोची खोली’, हा कार्यक्रम २ फेब्रुवारी १९७६ रोजी, आज ‘टीव्ही असाही’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाहिनीवर सुरू झाला. पहिले पाहुणे होते ज्येष्ठ अभिनेते हिसाया मोरिशिगे. नावाप्रमाणेच ती एक खोली आहे: बसायला सोफे, फुलांची सजावट, समोर पाहुणा आणि डोक्यावर कांद्याच्या आकाराचा केशसंभार घेतलेल्या तेत्सुकोबाई. खेळ नाहीत, स्पर्धा नाही, टाळ्या वाजवणारा प्रेक्षकवर्ग नाही. २०११ मध्ये एकाच सूत्रसंचालकाने केलेल्या मुलाखतींच्या सर्वाधिक भागांसाठी गिनीज विक्रमाच्या नोंदीत हा कार्यक्रम गेला आणि २७ मे २०१५ रोजी त्याचा १०,०००वा भाग प्रसारित झाला. आठवड्याला एक भाग करणाऱ्या आपल्यासारख्या व्यक्तीला तिथे पोहोचायला १९० वर्षांहून अधिक काळ लागेल, इतका हा आकडा मोठा आहे.

आता या खोलीत अढळ काय आहे ते पाहू. चौकट तर आहेच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे एक नियम आहे, जो त्यांनी सुरुवातीपासून आग्रहाने पाळला: मुलाखत संकलित करायची नाही. प्रसारणाला जितका वेळ उपलब्ध असेल तितकाच वेळ चित्रीकरण करायचे आणि जसे झाले तसे दाखवायचे. त्यामागचा त्यांचा विचार असा की काटछाट झाली की पाहुणा जसा आहे तसा न दिसता संकलकाला जो भाग रंजक वाटला तेवढाच दिसतो; आणि काहीही कापले जाणार नाही, आपले बोलणे तोडून-जोडून दाखवले जाणार नाही, याची खात्री पाहुण्याला असली की तो विश्वासाने बोलतो.

या नियमाची किंमत मला एका प्रसंगाने शिकवली. एका ज्येष्ठ गायकांशी आम्ही सुमारे पन्नास मिनिटे बोललो होतो आणि प्रसारणासाठी त्यातील बावीस मिनिटे हवी होती. गुरूंच्या अखेरच्या दिवसांविषयी मी विचारले, तेव्हा ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत. हातातील पेला त्यांनी खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि मग एक साधे वाक्य उच्चारले. संकलनात ती शांतता गेली. पडद्यावर माझा प्रश्न संपताच त्यांचे उत्तर सुरू झाले आणि ते वाक्य पाठ केल्यासारखे वाटले. प्रसारणानंतर त्यांचा दूरध्वनी आला. आपण इतक्या सहजपणे ते बोललो नव्हतो, एवढेच त्यांनी म्हटले. त्या वेळी मी संकलकाच्या शेजारी बसून त्या कापण्याला संमती दिली होती, म्हणून तो दोष माझाच होता. आपल्या कार्यक्रमाचा वेग वाढवा असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा बहुधा सर्वांत आधी अशा शांतता कापल्या जातात. आणि त्यांच्याबरोबर प्रेक्षकाचा विश्वासही थोडा-थोडा जात असतो, जो मोजण्याची सोय टीआरपीच्या तक्त्यात नसते.

न कापण्याचा नियम पाळायचा तर तयारी दुप्पट लागते, कारण चूक झाकायला नंतर कोणी येणार नसते. इथे आपण ‘दर भागात नव्याने घडवायचे काय’ या भागाकडे येतो. कुरोयानागी यांच्या पद्धतीत सहकारी पाहुण्याशी आधी सविस्तर बोलून येतात, मग त्यांच्याबरोबर बैठक होते, आणि त्या बैठकीत त्या स्वतःच्या हाताने कागदांवर नोंदी करतात. तेच कागद चित्रीकरणाच्या वेळी त्यांच्यासमोर असतात. हजारो भाग झाल्यावरही ही लिहिण्याची मेहनत त्यांनी दुसऱ्या कोणावर सोपवली नाही. छापील टिपण हाती देणारे सहकारी कोणालाही मिळतात. पण स्वतः लिहिताना माणूस एकेका तपशिलाशी थांबतो, आणि तिथेच त्याला प्रश्न पडतो.

माझ्या सुरुवातीच्या काळात मी तयारीचा अर्थ चुकीचा घेतला होता. वीस-बावीस प्रश्न क्रमाने लिहायचे आणि ते विचारून संपवायचे, ही माझी तयारी. एका अभिनेत्री बोलता बोलता म्हणाल्या की त्या वर्षी मी काम सोडायचे ठरवले होते, आणि मी मान डोलावून यादीतील पुढचा प्रश्न विचारला, कारण तो पुढचा होता. घरी परतताना ते वाक्य माझ्या कानात वाजत राहिले. तेव्हापासून मी प्रश्न लिहिणे जवळजवळ बंद केले. आता माझ्याकडे प्रत्येक पाहुण्यासाठी हाताने लिहिलेले तीन कागद असतात. एकावर तपासून घेतलेले तपशील असतात, म्हणजे जे कोठेही सहज वाचायला मिळते ते विचारण्यात वेळ जात नाही आणि वर्ष किंवा नाव चुकले तर पाहुण्याला मला दुरुस्त करावे लागत नाही. दुसऱ्या कागदावर मला स्वतःला खरोखर जाणून घ्यायच्या असलेल्या तीन-चार गोष्टी असतात; त्या सापडेपर्यंत मी वाचत राहते, आणि कधी कधी त्याला दोन दिवस लागतात. तिसऱ्यावर असे विषय असतात जे पाहुण्याने स्वतः दार उघडल्याशिवाय मी काढणार नाही. चित्रीकरणाच्या वेळी मी या कागदांकडे क्वचितच पाहते. तयारी पूर्ण असली की ती बाजूला ठेवण्याचे धैर्य येते. अपुरी तयारी माणसाला यादीला चिकटून राहायला लावते.

या तयारीला त्या किती गांभीर्याने घेत, हे त्यांच्या दुसऱ्या एका कामावरून दिसते. १९८६ मध्ये सुरू होऊन २०२४ पर्यंत चाललेल्या जगाच्या इतिहास-भूगोलावरील एका प्रश्नमंजूषेत त्या नियमित सहभागी होत्या. त्या कार्यक्रमात आगामी भागाचा विषय सहभागी कलावंतांना आधी कळवला जाई. प्रश्न अर्थातच माहीत नसत. कुरोयानागी त्या विषयावरील पुस्तके मिळवून वाचत आणि मग येत. करमणुकीच्या कार्यक्रमात पाहुण्यासारखे बसून हसून निभावून नेणे सहज शक्य होते, तिथे त्यांनी अडतीस वर्षे अभ्यास केला. प्रेक्षकांना हे कोणी सांगावे लागले नाही. ते उत्तरांत दिसत होते.

आणखी एका कार्यक्रमाचा उल्लेख करणे मला आवश्यक वाटते. १९७८ ते १९८९ या काळात ‘टीबीएस’ वाहिनीवर आठवड्यातील दहा सर्वाधिक लोकप्रिय गाण्यांचा एक थेट प्रक्षेपित कार्यक्रम होत असे. सुरुवातीची काही वर्षे त्या हिरोशी कुमे यांच्यासोबत त्याचे सूत्रसंचालन करत होत्या. गाण्यांच्या क्रमवारीत कोणताही फेरफार केला जाणार नसेल तरच आपण हे काम करू, अशी त्यांची अट होती. त्यामुळे कधी सर्वांना हवा असलेला तारा पहिल्या दहांत नसे, तर कधी क्रमांक मिळालेला गायक कार्यक्रमाला येतच नसे, आणि सूत्रसंचालक प्रेक्षकांची जाहीर क्षमा मागत. सप्टेंबर १९८१ मधील एका भागाला ४१.९ टक्के प्रेक्षकसंख्या लाभली होती. प्रामाणिकपणामुळेच ती लाभली असे विधान मी करणार नाही, कारण त्या काळात गाण्यांचीही लाट होती. पण आज या व्यक्तीने सांगितलेला क्रमांक खरा आहे, ही भावना प्रेक्षकाच्या मनात एकदा बसली की ती त्या व्यक्तीबरोबर दुसऱ्या कार्यक्रमातही जाते. ‘एनएचके’चा वर्षअखेरीचा भव्य संगीतसोहळा त्यांनी प्रथम १९५८ मध्ये सूत्रसंचालक म्हणून सांभाळला आणि २०१५ मध्ये, ८२व्या वर्षी, त्यांना पुन्हा त्याच मंचावर बोलावले गेले. मधल्या ५७ वर्षांत जमा झालेल्या या विश्वासामुळेच ते शक्य झाले, असे मला वाटते.

आपल्या प्रश्नात एक बाजू आलेली नाही, ती मी जोडते. रोज दुसऱ्यांना ऐकणारा माणूस आतून रिकामा होत जातो. पहिल्या दहा वर्षांनंतर मला हे इतके जाणवू लागले की पाहुणा बोलत असताना मी मनात दुसऱ्या पाहुण्याची तशीच गोष्ट आठवू लागले होते. यावर उपाय कार्यक्रमाच्या आत सापडत नाही. कुरोयानागी यांनी १९८१ मध्ये आपण वाचलेले ते पुस्तक लिहिले आणि त्याच्या मानधनातून एक प्रतिष्ठान उभारून कर्णबधिर कलावंतांच्या रंगभूमीला आधार दिला. १९८४ पासून त्या ‘युनिसेफ’च्या सदिच्छादूत म्हणून युद्ध आणि दुष्काळ यांनी होरपळलेल्या देशांतील मुलांना भेटत राहिल्या, आणि नाटकांतूनही काम करत राहिल्या. ही कामे प्रसिद्धीसाठी जोडलेली शोभा नव्हती. त्यांच्या बालपणीच्या तोमोए शाळेत मुख्याध्यापक सोसाकु कोबायाशी यांनी पहिल्याच दिवशी एका लहान मुलीचे बोलणे चार तास ऐकून घेतले, हे आपल्याला त्या पुस्तकातून आठवत असेल. पहिल्या शाळेतून काढून टाकलेल्या त्या मुलीने पुढे दुसऱ्यांचे ऐकणे हेच आयुष्यभराचे काम केले. या दोन गोष्टींत मला थेट नाते दिसते, आणि म्हणून मी त्यांच्या कारकिर्दीकडे केवळ विक्रम म्हणून पाहू शकत नाही.

त्यांच्या पद्धतीला मर्यादा नाहीत असेही नाही. तरुण विनोदी कलाकार त्यांच्या खोलीत जायला धास्तावतात, ही जपानमध्ये प्रसिद्ध गोष्ट आहे: त्या कलाकाराला त्याचा गाजलेला विनोद करून दाखवायला सांगतात आणि तो आवडला नाही तर हसत नाहीत. एखाद्या नवख्या पाहुण्यासाठी हे जड जाणारे आहे आणि मी स्वतः असे करणार नाही. माझ्यात तेवढे ज्येष्ठत्वही नाही. मात्र न आवडलेल्या गोष्टीवर त्या खोटे हसत नाहीत, म्हणूनच त्या हसतात तेव्हा प्रेक्षक त्यावर विश्वास ठेवतो, ही दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी लागते.

तेव्हा वाहिनीशी बोलताना काय मान्य करावे आणि काय करू नये, याबद्दल माझे मत असे आहे. नेपथ्य, शीर्षकसंगीत, प्रसारणाची वेळ, भागाची लांबी, समाजमाध्यमांसाठी काढायचे छोटे तुकडे या गोष्टी वाहिनीच्या आहेत. त्यांत वाद घालण्यात शक्ती घालवू नका. पाहुण्यांची संख्या दोनाची चार करणे, मध्येच झटपट प्रश्नोत्तरांचा खेळ घुसवणे किंवा आपल्या कानातील इअरपीसमधून निर्मात्याने प्रश्न सुचवत राहणे या बदलांना मात्र शांतपणे नकार द्या, कारण त्यांनी ऐकणेच संपते. प्रेक्षकसंख्या घसरली आहे असे वाहिनी म्हणत असेल, तर ती केव्हापासून घसरली हे आठवड्यांनुसार मागून घ्या. प्रसारणाची वेळ बदलल्यापासून घसरण सुरू झाली असेल, तर आपण किंवा आपली शैली तिला जबाबदार नाही आणि शैली बदलून ती भरूनही येणार नाही.

एक प्रस्ताव आपण स्वतःहून मांडावा असे मी सुचवते: एका महिन्याचे चार भाग न कापता करू द्यावेत. तीन कॅमेऱ्यांचे ऑनलाइन स्विचिंग (म्हणजे कोणत्या कॅमेऱ्याचे दृश्य घ्यायचे हे चित्रीकरण चालू असतानाच ठरवणे), प्रसारणाइतकेच चित्रीकरण, उरलेला वेळ दाखवणारा फ्लोअर मॅनेजर, आणि रिटेक नाही. निर्मात्याला हे पटवून देणे वाटते तितके अवघड नाही, कारण संकलनाच्या पाळ्या वाचतात आणि आर्थिक हिशेब त्याला लगेच समजतो. अपवाद मात्र लेखी ठरवून घ्या. पाहुण्याने तिसऱ्या व्यक्तीवर गंभीर आरोप केला किंवा एखाद्या लहान मुलाची ओळख उघड झाली, तर तो भाग कापण्याचा अधिकार वाहिनीकडे असलाच पाहिजे. न कापण्याचा नियम पाहुण्याच्या हितासाठी आहे, कोणाच्या नुकसानीसाठी नाही. पाहुण्यालाही आधी सांगा की हे जसेच्या तसे जाणार आहे. काहीजण यामुळे बिचकतील आणि नाही म्हणतील, तर त्यांचा मान ठेवा.

पहिला भाग थोडा विस्कळीत होईल. माझाही झाला होता, मी चाळिसाव्या मिनिटाऐवजी अठ्ठाविसाव्या मिनिटालाच आभार मानू लागले होते. दुसऱ्या भागापासून वेळेचा अंदाज अंगात मुरतो. पाहुण्यांची निवड करताना भरभरून बोलणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीपासून सुरुवात करण्याचा मोह होईल, कारण ते सुरक्षित वाटते. त्याऐवजी ज्यांच्याविषयी ‘ते फारसे बोलत नाहीत’ असे सांगितले जाते त्यांना पहिल्या भागासाठी बोलवा, दोन दिवस त्यांच्या कामाविषयी वाचा, हाताने नोंदी करा, आणि प्रश्न विचारून झाल्यावर ते गप्प राहिले तर आपणही गप्प राहा.